ओल्या तरटाखालचा सांभार

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. माहेराहून रिकाम्या हातानं निघू नये, असं आमच्या घरातल्या बायकांचं म्हणणं. त्यामुळे दर्शन झालं, वर्धेचं पात्र डोळे भरून पाहून झालं, की अमरावतीच्या वाटेला लागण्याआधी भाजी घ्यायची हा आमचा ठरलेला रिवाज. गेल्या मे महिन्यात असंच झालं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि उन्हानं तेवढ्यातच कान तापवायला सुरुवात केली होती. रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. पुढ्यात वांगी, थोडी बरबटी, चार लिंबं. सांभार कुठे दिसेना. (बाकी महाराष्ट्रात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांभार.) विचारलं, तर तिनं बाजूला पडलेलं ओलं तरट थोडंसं उचललं, आतून एक जुडी काढून दिली, लोट्यातलं पाणी शिंपडलं आणि तरट पुन्हा झाकलं.

"माय, सांभार दिसू तं द्या लोकायले," मी म्हटलं.

"दिसाले ठेवला तं ऊनच खाऊन टाकते. मंग तुमी काय खासान?"

त्याच संध्याकाळी अमरावतीत एका मोठ्या, गारेगार दुकानात गेलो. काचेचं दार, मंद संगीत, ढकलगाडी. तिथला सांभार प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होता. पिशवीला आतून घाम फुटलेला, देठं पिवळी, तळाशी काळपट चिखल. भाव म्हातारीच्या दुप्पट. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हे चित्र त्या एकाच दुकानाचं नाही. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न आहे. एवढा खर्च करून, वीज जाळून जे साधत नाही, ते एका तरटानं आणि लोटाभर पाण्यानं कसं साधतं?

उत्तर भाजीच्या पोटात आहे. तोडलेली भाजी मेलेली नसते. झाडापासून सुटली तरी तिचा श्वास चालू असतो. साठवलेली साखर ती जाळत राहते आणि उष्णता, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ बाहेर टाकत राहते. मुळाकडून मात्र आता काही येत नाही. म्हणजे पगार थांबलेला आणि खर्च चालू, असा तो संसार. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट वेगानं चालतो. पहाटे २४ अंशांत खुडलेली मेथी दुपारी ४४ अंशांत उघडी पडली, तर तिची शिल्लक किमान चौपट वेगानं संपते. वर पाण्याचा हिशेब वेगळाच. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पण त्यातलं सगळं उडायची वाट पाहावी लागत नाही. वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गेलं की पानं माना टाकतात. शंभर ग्रॅमच्या जुडीतून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी गेलं, की जुडी गिऱ्हाइकाच्या मनातून उतरली.

आता वऱ्हाडाचं ऊन घ्या. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४४-४५ वर जातो, हे आम्ही हवामान खात्याकडून ऐकतो आणि अंगावर भोगतो. पण या उन्हाचा एक गुण आम्ही विसरतो. ते कोरडं असतं. दुपारच्या हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते. अशा हवेत पाणी झपाट्यानं उडतं, आणि उडताना ज्या वस्तूवरून उडतं तिची उष्णता घेऊन जातं. ४४ अंशांच्या पंधरा टक्के आर्द्रतेच्या हवेत ओलं फडकं टांगलं, तर ते तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास येऊ शकतं. मुंबईच्या ३३ अंशांच्या, पंच्याहत्तर टक्के आर्द्रतेच्या हवेत तेच फडकं २९ च्या खाली उतरत नाही. तिथे चार अंशांचा फायदा, इथे वीस. वाळ्याच्या ताट्या, कूलर, माठ ही सगळी आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था याच एका गोष्टीवर उभी आहे. मुंबईच्या मॉलची नक्कल करून अमरावतीत दुकान थाटणारा माणूस नेमकी आपल्या हातातली ही शक्ती दाराबाहेर ठेवून देतो. उलट एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि त्याचा झोत मेथीच्या जुड्यांवर सोडतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, मेथीला नाही.

म्हातारीच्या तरटाचीच मोठी, पक्की आवृत्ती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली. नाव भारदस्त, शून्य ऊर्जा शीतकक्ष. वस्तू मात्र इतकी साधी की पहिल्यांदा पाहणाऱ्याला गुरांचा हौद वाटेल. विटांचा एक थर अंथरून तळ करायचा, सुमारे १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद. त्यावर गुडघ्याच्या थोडं वर, ६७ सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत. दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट ठेवायची आणि तीत रेती भरायची. वर बांबू-गवताचं किंवा तरटाचं झाकण, त्याच्यावर सावलीसाठी छप्पर. सकाळ-संध्याकाळ रेती भिजवायची. एवढंच. चारेकशे विटा लागतात आणि आत शंभर किलो भाजी मावते. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात राहते. विजेचं बिल नाही, आणि लोडशेडिंग झालं तरी त्याला कळत नाही.

वर्धेकाठच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. नदी उन्हाळ्यात आटली की पात्रात डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, लागतात. वर पाय पोळतात अशी रेती, आणि हातभर उकरलं की गार झिरा. वेलीची मुळं त्या ओलीत, डांगर-टरबूज वर पानाच्या सावलीत. शास्त्रज्ञांनी फक्त ती ओली रेती दोन भिंतींमध्ये उभी केली.

दुकानात याचा उपयोग कसा? दुकानाच्या मागच्या अंगणात, जिथे आज रिकामी कॅरेटं पडलेली असतात, तिथे असा एक हौद. सगळा माल पहाटेच मांडून ठेवायचा हट्ट सोडायचा. दर्शनी भागात दोन तासांपुरता माल, बाकी हौदात, आणि संपेल तसा पुढे आणायचा. भरगच्च ढीग पाहून गिऱ्हाईक खूश होतं हे खरं, पण ढिगाच्या तळाला टमाटराचा रस निघालेला असतो तोही त्यालाच सोसावा लागतो. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेनं २०१५ साली देशभरातल्या नासाडीचा हिशेब मांडला, त्यात फळांमध्ये पहिला नंबर पेरूचा होता, १५.८८ टक्के. भाज्यांमध्ये टमाटर, १२.४४ टक्के. दोन्ही नाजूक सालीची, दोन्ही एकमेकांवर रचली की खालची चेपणारी. दोन-तीन थरांपेक्षा उंच रास करायची नाही, हा नियम एवढ्यासाठीच.

पण पाणी म्हणजे सगळ्याला औषध नव्हे. हौसेनं फवारा घेऊन सगळ्या मांडणीवर शिंपडणारी पोरं मी पाहिली आहेत. भेंडी ओली राहिली की काळी पडते, चिकट होते. कांदा-लसणाला ओल लागली की कोंब येतात, बुरशी येते. त्यांना कोरडी, खेळती हवा हवी. आलूला ओल चालत नाही आणि उजेडही चालत नाही. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्या हिरव्या भागात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. म्हणून आलू दिव्याखाली मांडणं ही सजावट नाही, चूक आहे. श्रावणात हवाच ओली असते तेव्हा तरट, हौद, फवारा सगळं आवरतं घ्यायचं. आणि शिंपडायचं पाणी आपण पिऊ तेच हवं, कारण सांभार बहुतेक कच्चाच पोटात जातो.

गारव्याचंही तसंच. फ्रीज घेतला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. केळी १३ अंशांच्या खाली ठेवली की साल काळवंडते. टमाटर त्याच सुमाराला चव गमावतो. दिसायला लाल, खायला पाणी. वांगी आणि काकडी फार गारठली की डाग पडतात, खड्डे पडतात, बाहेर काढल्यावर झपाट्यानं सडतात. ही सगळी उष्ण मुलखातली पिकं, त्यांना थंडी बाधते. पानकोबी, गाजर, मटार यांना मात्र जितकं गार तितकं बरं. एकाच कपाटात सगळं कोंबणारा दुकानदार निम्मा माल वाचवतो आणि निम्मा मारतो.

शेजारही पाहावा लागतो. पिकणारी केळी, पपई, आंबा, टमाटर इथिलीन नावाचा वायू सोडतात. तो आपल्याला दिसत नाही, पण शेजारच्या काकडीला आणि पालेभाजीला कळतो आणि त्या पिवळ्या पडू लागतात. केळीचे घड मेथीच्या डोक्यावर टांगले, तर मेथी दिवसभरात म्हातारी होते. हाच वायू ठरावीक प्रमाणात वापरून फळं पिकवायला परवानगी आहे. बंदी आहे ती कार्बाइडला. 'आमच्याकडे गॅसवर पिकवलेलं मिळत नाही' अशी पाटी लावणाऱ्यानं हा फरक आधी स्वतः समजून घ्यावा.

आता गिऱ्हाइकाच्या हाताबद्दल. मोठ्या दुकानांना हा हात खुपतो. म्हणून पॅकिंग, म्हणून 'कृपया हात लावू नये'. पण वऱ्हाडातली बाई भेंडीचं शेपूट मोडल्याशिवाय भेंडी घेणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. कटकन तुटली तर कोवळी, वाकली तर आत धागे धरलेली, याहून स्वस्त आणि खरी परीक्षा प्रयोगशाळेतही मिळायची नाही. दुधी भोपळ्याला नख लावणं, डांगराचा देठाकडून वास घेणं, वांग्याचा देठ हिरवा आहे का पाहणं, हे सगळं ज्ञान आहे. अडचण एवढीच, की वीस जणींनी नख लावलेला भोपळा एकविसावी घेत नाही, आणि त्या जखमांतून पाणी आणि बुरशी दोघांनाही वाट मिळते. यावर बाजारातल्या बायांनी कधीच तोडगा काढून ठेवला आहे. एक भोपळा कापून ठेवायचा, एक कलिंगड चिरून ठेवायचं, मूठभर भेंड्या मोडायला वेगळ्या ठेवायच्या. परीक्षा त्यांची होऊ द्या, बाकी माल सुरक्षित. मी एकदा बंद डब्यातली द्राक्षं घेतली, वरची मण्यांसारखी आणि खालचा थर आंबलेला. पैशांपेक्षा राग याचा आला, की मला पाहू दिलं नाही.

संत्र्याच्या बाबतीत तर आम्ही वऱ्हाडी लोकांनीच दुकानदाराला सांगायला हवं. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार ही संत्र्याची खाण घरापासून एवढ्याशा अंतरावर, नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि शहरातलं गिऱ्हाईक अजून रंगावरूनच फळ निवडतं. संत्र्याला केशरी रंग चढायला रात्री गार लागतात. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराचं फळ येतं तेव्हा थंडी नीट पडलेली नसते, त्यामुळे आतून गोड झालेलं संत्रंही बाहेरून हिरवट राहतं. मग रंगासाठी त्याला इथिलीन द्यायचं. त्यानं साल पिवळी होते, गोडी वाढत नाही, कारण संत्रं केळीसारखं तोडल्यावर पिकत नाही. झाडावर जेवढी साखर आली तेवढीच. सालीवरची काळी काजळी, जिला आमच्याकडे कोळशी म्हणतात, तीही वरवरची असते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी, ओल्या फडक्यानं पुसली जाते, आतल्या फोडीला तिचा स्पर्श नसतो. तर निवडायचं कशावरून? हातात घेऊन. एकाच आकाराच्या दोन संत्र्यांतलं जे जड, त्यात रस जास्त. ज्याची साल फुगून आत हवा धरली आहे, ते पोकळ आणि फिकं. दुकानदारानं हिरवट संत्र्याचा ढीग लावावा, शेजारी दोन सोलून ठेवावीत, आणि एक फोड हातावर द्यावी. यात्रेतला संत्रेवाला हे न सांगता करतो. कौंडण्यपूरच्या कार्तिकी यात्रेत फोड खाऊन कोणी न घेता पुढे गेलेलं मी फार कमी पाहिलं आहे.

पाट्यांचं दुखणं वेगळं. अमरावतीच्या दुकानात 'कोथिंबीर', 'बटाटा', 'टोमॅटो', 'पेरू' असं लिहिलेलं असतं, कधी तेही इंग्रजीत. गिऱ्हाईक मात्र सांभार, आलू, टमाटर, जाम म्हणत आत आलेलं असतं. चवळीच्या शेंगांना बरबटी लिहिलं तर काय बिघडतं? सासूबाईंच्या तोंडी तर टमाटरही नाही, भेदरंच आहे. आपल्या नावानं हाक मारलेली भाजी अर्धी विकलेली असते, असं माझं तरी मत आहे. आणि नावाखाली भावाबरोबर गाव लिहावं. बाजारात पहिला प्रश्न भावाचा नसतोच, 'कुठचा माल?' हा असतो. वऱ्हाडातली भाजी पहाटे छोट्या गाडीतून शहरातल्या ठोक बाजारात जाते, तिथे तिचा हर्रास होतो, आणि दुपारी तीच भाजी चिल्लर विक्रेत्याकडून पुन्हा खेड्याकडे येते. तिच्या आयुष्यातले उत्तम सहा तास रस्त्यातच जातात. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. दुकानदारानं थेट मळ्यातून माल उचलायला तेव्हापासून वाट खुली आहे. पाच-सहा शेतकऱ्यांशी रोजचं बोलणं ठरवलं तर सकाळी एक आणि दुपारी चारला एक अशा दोन खेपा येऊ शकतात. नोकरीवरून सहाला सुटणाऱ्या बाईला मग सकाळची उरलीसुरली निवडत बसावं लागणार नाही.

उरलंच तर लपवू नये. आठवडी बाजारात सूर्य कलला की भाव कलतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उठत्या बाजाराची भाजी घेणारी घरं वेगळी, आणि ती स्वाभिमानानं घेतात. दुकानात मात्र कालचा माल आजच्या मालात मिसळतात. त्यापेक्षा एक वेगळं टोपलं आणि खडूनं लिहिलेली पाटी, 'कालची मेथी, निम्म्या भावात'. पातोडीला आणि पराठ्याला ती उत्तम चालते. एकदा का गिऱ्हाइकाला कळलं की या दुकानात कालच्याला कालचं म्हणतात, की ते आजच्याबद्दल विचारायचं सोडून देतं.

मांडणीत एक बारीक गोष्ट राहून जाते. आपण थैलीत ज्या क्रमानं टाकतो त्या क्रमानं भाजी मांडलेली नसते. दारातच नाजूक, रंगीत फळं आणि पालेभाजी, शेवटच्या कोपऱ्यात आलू-कांदा. मग दोन किलो आलू टमाटराच्या डोक्यावर बसतात आणि घरी थैली उपडी केली की चटणी निघते. आधी आलू-कांदा, गंगाफळ (लाल भोपळा), मग वांगी-भेंडी, मग फळं, आणि पैसे देण्याच्या जागेजवळ सांभार-मेथी. खर्च शून्य. काटाही गिऱ्हाइकाकडे तोंड करून असावा, त्यावरचा वैध मापन शास्त्राचा त्या वर्षीचा शिक्का दिसावा. मापावरून वाद घालण्यात वऱ्हाड जुनं आहे. कापसाच्या खरेदी-विक्रीला नियम घालणारा देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली इथेच, कारंज्याला उभा राहिला. त्या कारंज्याच्या नातवंडांना पाठ फिरवलेला काटा चालत नाही.

मी हे सगळं एका ओळखीच्या किराणा दुकानदाराला सांगितलं. त्याला काचेचा मोठा फ्रीज घ्यायचा होता, कर्जाची कागदपत्रं तयार होती. तो म्हणाला, "भाऊ, विटांचा हौद पाहून लोक हसतीन न्." हसू द्या. फ्रीज जरूर घ्या, दूध-दह्याला, मटाराला, गाजराला लागतोच. पण येत्या मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत, मागच्या अंगणात चारशे विटा आणि थोडी रेती टाकून पाहा. आणि पहिल्या दिवशी सांभाराची एक जुडी हौदात, एक एसीखाली ठेवून संध्याकाळी सहाला दोन्ही गिऱ्हाइकांसमोर मांडा.